बरणी कोणाच्या हातून पडली? – इगोर नावाच्या मदतनिसाचा प्रवास

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमचा नातू इंदुरास आला असता त्याने आमच्या कपाटातील मेरी शेलीची 'फ्रँकेन्स्टाइन' ही कादंबरी काढून चाळली आणि विचारले, “आजोबा, यात इगोर कोणत्या पानावर येतो?” इगोर म्हणजे शास्त्रज्ञाचा तो कुबडा, लंगडत चालणारा, मालकाच्या प्रत्येक शब्दाला मान तुकविणारा मदतनीस. नातवाने तो चित्रपटांत व कार्टूनमध्ये अनेकदा पाहिला होता. आम्हीही तरुणपणी पाहिला होता. म्हणून आम्ही त्याला खात्रीने सांगितले की, प्रयोगशाळेच्या प्रकरणात पाहा. त्याने पाहिले, मग आम्ही पाहिले, आणि पुढच्या आठ दिवसांत सारी कादंबरी पुन्हा वाचून काढली. इगोर त्यात कोठेही नाही. केवळ ते नाव नाही असे नव्हे, तर प्रयोगशाळेत दुसरा माणूसच नाही.

विज्ञानकथेच्या इतिहासात इतके गौण आणि तरीही इतके सर्वपरिचित पात्र क्वचितच असेल. मूळ ग्रंथात नसलेला हा मनुष्य दोनशे वर्षांत रंगभूमी, चित्रपट, विडंबन, विनोदी कादंबरी आणि ॲनिमेशन अशा वाटांनी आपल्यापर्यंत आला. तो का आला आणि त्याच्या येण्याने मूळ कथेचे काय झाले, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे. आमचे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. हा मदतनीस आला तो मालकाशी बोलायला. पण राहिला तो मालकाचा दोष आपल्या अंगावर घ्यायला.

प्रथम मूळ ग्रंथ. १८१६ च्या उन्हाळ्यात जिनिव्हा सरोवराकाठी, कवी बायरनच्या मुक्कामी, भुताच्या गोष्टी लिहिण्याची टूम निघाली आणि त्यातून ही कथा सुचली. मेरी तेव्हा अठरा वर्षांची होती. १ जानेवारी १८१८ रोजी कादंबरी लंडनमध्ये तीन खंडांत, लेखिकेच्या नावाविना प्रसिद्ध झाली. तिचा नायक व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन हा इंगोलश्टाटच्या विद्यापीठातला एक विद्यार्थी. चित्रपटांतील किल्ला येथे नाही. घराच्या वरच्या मजल्यावरील, इतरांपासून तोडलेल्या खोलीत तो एकटा काम करतो. स्मशाने तो स्वतः धुंडाळतो, हाडे स्वतः गोळा करतो, आणि नोव्हेंबरातल्या एका रात्री आपल्या निर्मितीने डोळे उघडलेले पाहून स्वतःच पळ काढतो. त्याचा जिवलग मित्र क्लर्व्हल यालाही यातले काही ठाऊक नसते.

कादंबरीत 'चुकीचा मेंदू' ही भानगडच नाही. निर्माण झालेला जीव जन्मतः दुष्ट नसतो. तो एका कुटुंबाच्या झोपडीलगत लपून भाषा शिकतो, मिल्टन आणि प्लुटार्क वाचतो, चोरून सरपण आणून त्या कुटुंबाला मदत करतो. माणसांनी हाकलले, निर्मात्याने टाकले, म्हणून तो क्रूर होतो. दोष कोठे आहे याविषयी लेखिकेने शंकेला जागा ठेवलेली नाही.

कादंबरीत कनिष्ठ स्थानावरची एक व्यक्ती मात्र आहे, आणि ती विसरता कामा नये. फ्रँकेन्स्टाइन कुटुंबात वाढलेली मोलकरीण जस्टिन मोरित्झ. व्हिक्टरचा धाकटा भाऊ विल्यम याचा खून त्या निर्मित जीवाने केलेला असतो. परंतु मुलाच्या गळ्यातील चित्र जस्टिनच्या खिशात सापडते आणि तिला फाशी होते. खरा खुनी कोण याविषयी व्हिक्टरच्या मनात संदेह नसतो. लोक आपणाला वेडा म्हणतील या भयाने तो न्यायालयात गप्प बसतो. म्हणजे मोठ्याच्या कृत्याची शिक्षा लहानाने भोगणे मूळ कथेत आहेच. पण मेरी शेली तो अन्याय अन्याय म्हणूनच दाखविते आणि वाचकाला व्हिक्टरच्या गप्प बसण्याची लाज वाटायला लावते.

आता रंगभूमी. २८ जुलै १८२३ रोजी लंडनच्या इंग्लिश ऑपेरा हाउसमध्ये रिचर्ड ब्रिन्स्ली पीक यांचे 'प्रिझम्प्शन. ऑर, द फेट ऑफ फ्रँकेन्स्टाइन' हे नाटक लागले. निर्मित जीवाची भूमिका टी. पी. कुक यांनी केली, आणि जाहिरातपत्रकात त्या पात्राच्या नावाच्या जागी नुसती रेघ होती. ऑगस्टच्या अखेरीस मेरी शेलीने स्वतः हा प्रयोग पाहिला आणि निनावी जीवाला असे निनावी ठेवण्याची कल्पना तिला पसंत पडली. याच नाटकात फ्रिट्झ नावाचा एक भित्रा, बडबड्या नोकर प्रथम अवतरला. रॉबर्ट कीली या विनोदी नटाने ती भूमिका केली.

फ्रिट्झची गरज का पडली, हे आपणा संगीत नाटकांवर वाढलेल्या प्रेक्षकांना कळायला अवघड नाही. कादंबरीत व्हिक्टर आपले मन वाचकाशी बोलतो. रंगमंचावर त्याला बोलायला दुसरा माणूस हवा. शिवाय भयाच्या प्रसंगानंतर श्वास घ्यायला हशाही हवा. आणखी एक व्यावहारिक अडचण अशी की निर्जीव देहात प्राण भरतानाचे दृश्य त्या काळी मंचावर दाखविणार कसे? पीक यांनी ती खोली आड ठेवली. फ्रिट्झ पायाखाली चौरंग घेऊन उंच झरोक्यातून आत डोकावतो, आणि त्याच्या भीतीवरून प्रेक्षकांना आतले कळते. हा पहिला मदतनीस अशा रीतीने प्रेक्षकांचा डोळा होता. तो कुबडा नव्हता, दुष्ट नव्हता, आणि प्रयोग बिघडण्यात त्याचा हातही नव्हता. मात्र एक गोष्ट नोंदविण्यासारखी आहे: या नाटकाच्या पात्रांत जस्टिन नाही. मोलकरीण गेली आणि नोकर आला.

पुढचे वळण १९३१ चे. युनिव्हर्सल कंपनीच्या, जेम्स व्हेल दिग्दर्शित चित्रपटात कॉलिन क्लाइव्ह शास्त्रज्ञ झाले (येथे त्याचे नाव व्हिक्टर नसून हेन्री आहे), बोरिस कार्लॉफ निर्मित जीव झाले आणि ड्वाइट फ्राय यांनी फ्रिट्झची भूमिका केली. श्रेयनामावलीत मूळ लेखिकेचा उल्लेख 'मिसेस पर्सी बी. शेली' असा, म्हणजे नवऱ्याच्या नावाने, आहे. या फ्रिट्झला कुबड आले, हातात आखूड काठी आली. जिन्यावर मध्येच थांबून तो आपला घसरलेला मोजा वर ओढतो. एवढ्या एका लकबीने फ्राय यांनी त्या क्षुद्र जीवाला माणूस केले आहे.

आणि याच चित्रपटात बरणीचा प्रसंग आहे. हेन्री फ्रिट्झला वैद्यकीय महाविद्यालयातून मेंदू चोरून आणायला पाठवितो. तेथे दोन काचेच्या बरण्या असतात. एकीत निरोगी मेंदू, दुसरीत गुन्हेगाराचा. फ्रिट्झ चांगली बरणी उचलतो, अचानक झालेल्या आवाजाने दचकतो, आणि बरणी हातातून पडून फुटते. मग तो दुसरी घेऊन येतो. पुढे प्राध्यापक वाल्डमन हेन्रीला सांगतात की, चोरीस गेला तो मेंदू गुन्हेगाराचा होता. हेन्री क्षणभर चपापतो आणि तो शेवटी एक मृत मांसाचा गोळाच, असे म्हणून विषय झटकून टाकतो.

या एका प्रसंगाने कथेचा कणा बदलतो. जीव क्रूर का झाला? कादंबरी म्हणते, निर्मात्याने त्याला टाकले म्हणून. चित्रपट म्हणतो, नोकराच्या हातून बरणी पडली म्हणून. कादंबरीतील प्रश्न नीतीचा होता; चित्रपटात तो हलगर्जीपणाचा झाला. चांगली बरणी सुखरूप पोचली असती तर सारे सुरळीत झाले असते, असा समज करून घ्यायला प्रेक्षक मोकळा झाला. शेवटही त्याला साजेसाच आहे. कादंबरीत व्हिक्टर उत्तर ध्रुवाकडे निघालेल्या जहाजावर, सर्व गमावून मरतो. चित्रपटात फ्रिट्झला तो जीव फासावर लटकवितो, हेन्री वाचतो, आणि त्याचा बाप त्याच्या भावी वंशासाठी पेला उंचावतो.

व्हेल हे सामान्य दिग्दर्शक नव्हते, आणि त्यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगितले पाहिजे की, खुद्द चित्रपटच बरणीच्या कारणावर पूर्ण विश्वास ठेवीत नाही. कार्लॉफ यांचा जीव छतातून येणाऱ्या उजेडाकडे दोन्ही हात पसरतो, तेव्हा त्यात गुन्हेगार कोठेच दिसत नाही. तो बिथरतो ते फ्रिट्झ त्याला चाबूक व पेटता पलिता दाखवून छळतो तेव्हा. पण येथेही छळणारा पुन्हा फ्रिट्झच. जीवाला साखळीने तळघरात कोणी बांधले, त्याला फ्रिट्झच्या हवाली कोणी केले, मेंदू चोरायला कोणी पाठविले, आणि आणलेल्या बरणीवरील चिठ्ठी वाचल्याविना मेंदू कोणी बसविला, हे प्रश्न चित्रपट विचारीत नाही. चिठ्ठीवर तर स्पष्ट लिहिलेले होते!

आपल्याकडे अशा निर्मितीला भस्मासुर म्हणण्याची रीत आहे. त्या कथेत वर देणारा शंकर स्वतःच पळत सुटतो. वर नंदीने चुकून दिला, असे कोणी म्हटलेले नाही. याहून जवळचे उदाहरण देवलांनी मराठीत आणलेल्या 'मृच्छकटिका'चे. वसंतसेनेने विश्वासाने ठेवलेली दागिन्यांची पेटी विदूषक मैत्रेय झोपेच्या गुंगीत शर्विलक चोराच्या हाती देतो. चूक उघड उघड मैत्रेयाची. चारुदत्त काय करतो? पत्नीची रत्नमाला मैत्रेयाबरोबर वसंतसेनेकडे पाठवितो आणि निरोप देतो की, तुझे दागिने मी जुगारात हरलो. सेवक म्हणा, मित्र म्हणा, त्याच्या हातून पडलेली बरणी हा नायक आपल्या नावावर लिहून घेतो. पुढे न्यायसभेत त्याच मैत्रेयाच्या काखेतून दागिने खाली पडतात आणि चारुदत्ताच्या जिवावर बेततात; तरी तो आपला बचाव मैत्रेयाच्या माथी मारीत नाही. फ्रिट्झ आणि मैत्रेय दोघेही रंगभूमीच्या एकाच गरजेतून आलेले. फरक आहे तो त्यांच्या धन्यांत.

फ्रिट्झ मेला, पण ती जागा रिकामी राहिली नाही. १९३५ च्या 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन'मध्ये ड्वाइट फ्राय हेच कार्ल या नावाने परतले. तेथे नववधूच्या देहासाठी ताजे हृदय हवे म्हणून कार्ल खून करतो. १९३९ च्या 'सन ऑफ फ्रँकेन्स्टाइन'मध्ये बेला लुगोसी यांचा इगोर आला. नाव आताचेच, पण हा मनुष्य मदतनीस नाही. प्रेतचोरीबद्दल त्याला फाशी दिलेली आहे, मान मोडूनही तो जगला आहे, आणि कागदोपत्री मृत ठरल्यामुळे त्याला पुन्हा फाशी देता येत नाही. ज्यांनी शिक्षा दिली त्या पंचांना तो त्या जीवाकरवी एकेक करून मारवितो. आमच्या मते या साऱ्या परंपरेतील हीच सर्वांत समृद्ध भूमिका. येथे कनिष्ठाला प्रथमच स्वतःचा इतिहास, स्वतःची तक्रार आणि स्वतःची बुद्धी मिळाली. १९४२ च्या 'द घोस्ट ऑफ फ्रँकेन्स्टाइन'मध्ये तर इगोरचाच मेंदू त्या जीवाच्या कवटीत बसविला जातो. मात्र रक्तगट न जुळल्याने नवा देह आंधळा होतो. मालकाच्या आसनावर नोकर बसू गेला तर काय होते, याचा जणू धडाच!

मग लुगोसींचे नाव, फ्राय यांचे कुबड आणि मदतनिसाचे काम या तीन गोष्टी एकत्र कशा आल्या? याचे एकच उत्तर नाही. लोकस्मृतीने तो सांधा जोडला. १९५३ च्या 'हाउस ऑफ वॅक्स'मध्ये मेणाच्या पुतळ्यांच्या शिल्पकाराचा मुका मदतनीस इगोर याच नावाचा होता. पुढे गाण्यांतून, व्यंगचित्रांतून हे नाव एका जातीचे नाव झाले. इगोर म्हटले की मालक आलाच.

विडंबनाने मात्र नकळत न्याय केला. १९७४ च्या 'यंग फ्रँकेन्स्टाइन'मध्ये मेल ब्रूक्स यांनी बरणीचा प्रसंग पुन्हा रचला. मार्टी फेल्डमन यांचा इगोरही चांगली बरणी फोडून दुसरी आणतो. पण येथे मालक त्याला मेंदू कोणाचा होता हे नीट विचारतो, आणि इगोर 'ॲबनॉर्मल' या शब्दालाच कोणा व्यक्तीचे नाव समजून बसल्याचे उघड होते. हशा प्रचंड होतो. पण शेवटी जीव सुधारतो तो शास्त्रज्ञाने पळून न जाता त्याला जवळ घेतल्यामुळे आणि स्वतःच्या मेंदूचा अंश त्याला दिल्यामुळे. मेरी शेलीचा मूळ मुद्दा गंभीर चित्रपटाने गमावला होता, तो थट्टेने परत आणला. या इगोरचे कुबड तर कधी डाव्या खांद्यावर, कधी उजव्या. म्हणजे ते त्याचे नव्हेच, पाहणाऱ्यांनी चिकटविलेले.

इंग्रज विनोदी लेखक टेरी प्रॅचेट यांनी १९९८ च्या 'कार्पे जुगुलम'पासून आपल्या डिस्कवर्ल्ड मालिकेत इगोरांचे अख्खे घराणे उभे केले. हे सारे इगोर कुशल शल्यचिकित्सक असतात. आजोबांचे हात नातवाला खरोखरीच, म्हणजे शिवून, मिळतात. मालकाचे पिसाट बेत ते निमूटपणे पार पाडतात. आणि गावकरी मशाली घेऊन दाराशी येण्याआधी मागच्या दाराने निघून जातात. दोष आपल्या माथी यायचा आहे हे जाणणाऱ्या पिढीजात सेवकांचे हे शहाणपण वाचून, सरकारी कचेरीत आयुष्य घालविलेल्या कोणालाही हसू आल्यावाचून राहणार नाही.

एकविसाव्या शतकात इगोर नायक झाला. नातवाने पाहिलेल्या २००८ च्या 'इगोर' या ॲनिमेशनपटात कुबड घेऊन जन्मलेल्यांनी सेवकच व्हायचे असा दंडक आहे, आणि त्यातील एकाला शास्त्रज्ञ व्हायचे आहे. २०१५ च्या 'व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन'मध्ये डॅनियल रॅडक्लिफ यांचा इगोर स्वतःच कथा सांगतो. तो सर्कशीतला निनावी विदूषक असतो. त्याचे कुबड म्हणजे साचलेला पू असतो, आणि व्हिक्टर तो काढून टाकतो. इगोर हे नावही उसने, व्हिक्टरच्या मृत सोबत्याचे. कल्पना उत्तम, पण चित्रपट मनात ठसत नाही. कारण सोपे आहे. इगोरला सरळ पाठ, विद्या, प्रेयसी सारे दिले. पण त्याच्या माथ्यावरचा जुना आरोप कोणी परत घेतला नाही. प्रतिष्ठा देणे वेगळे आणि कबुली देणे वेगळे.

२०२५ मध्ये आलेल्या गिलेर्मो देल तोरो यांच्या 'फ्रँकेन्स्टाइन'मध्ये कुबडा मदतनीस नाही. प्रयोगाला पैसा पुरविणारा धनिक आहे, म्हणजे बोट खाली न वळता वर वळले आहे. आणि अखेरीस जहाजावर निर्माता आपल्या निर्मितीची क्षमा मागतो. मूळ कथेपासून हा चित्रपट अनेक ठिकाणी दूर जातो. पण जबाबदारी जेथे होती तेथे त्याने परत ठेवली.

एका उपद्व्यापी मदतनिसावर एवढे लिहावे का, असे वाचक विचारतील. त्याचे कारण सांगणे भाग आहे. शासकीय सेवेत असताना एका कचेरीत नुकसानभरपाईच्या यादीतील एक पान गहाळ झाले आणि अकरा कुटुंबांचे पैसे दोन वर्षे अडकले. चौकशीचे काम आमच्याकडे आले. फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नेणाऱ्या भृत्याच्या हातून पान पडले असावे, असा निष्कर्ष आम्ही नोटशीटवर लिहिला. त्याची वेतनवाढ रोखली गेली. ती यादी आमच्या टेबलावरून गेली होती, आणि पाने न मोजता आम्ही तिच्यावर सही केली होती, हे त्या अहवालात नव्हते. कोणी विचारले नाही. आम्ही सांगितले नाही. तो मनुष्य निवृत्तीपर्यंत आम्हाला नमस्कार करीत राहिला.

बरणीचा प्रसंग नातवाबरोबर पाहताना तो भृत्य आठवला. पान त्याच्या हातून पडलेही असेल, जशी फ्रिट्झच्या हातून बरणी पडली. पण चिठ्ठी वाचणे हे फ्रिट्झचे काम नव्हते, आणि पाने मोजणे हे त्या भृत्याचे काम नव्हते.

नातवाला आम्ही उत्तर दिले ते असे: इगोर पुस्तकात नाही, कारण मेरी शेलीला त्याची गरज नव्हती; गरज नंतर आलेल्यांना पडली. त्यावर तो म्हणाला, “मग पुस्तकात चूक कोणाची?” आम्ही त्याला कादंबरीतील जस्टिनच्या खटल्याचे प्रकरण काढून दिले आणि वाचायला सांगितले.